टोपलीवरचा पाय

हौसाबायची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांत पाऊण मैलाचं अंतर होतं. मी मिरकरवाड्याच्या वरच्या रस्त्यावर बंद पडलेल्या स्कूटरला लाथा मारत उभा होतो आणि हौसाबाय खाली बंदरावर मासळीचा लिलाव पुकारत होती. तिने ‘एकवार’ म्हटलं तेव्हा तारेवरचे कावळे उडाले. ‘दोनवार’ म्हटलं तेव्हा समोरच्या घरातली बाई हातातलं पातेलं घेऊन बाहेर आली आणि “कोण गेलं?” म्हणून मला विचारू लागली. ‘तीनवार’ झालं आणि माझी स्कूटर, जी सकाळपासून सतरा लाथांना बधली नव्हती, ती आपोआप सुरू झाली. दीपस्तंभाचा दिवासुद्धा भर सकाळी एकदा लागून विझला, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. त्याला साक्षीदार नाही म्हणून इथे लिहीत नाही.

ह्या आवाजाची मालकीण बघावी म्हणून खाली उतरलो. निदान सहा फुटी बाई असेल अशी माझी अपेक्षा. प्रत्यक्षात माशांच्या ढिगापाशी एक चणीने एवढीशी बाई उपड्या बादलीवर उभी होती, म्हणून जेमतेम दिसत तरी होती. मी तिच्याकडे बघत आश्चर्याने डाव्या कानामागे जरासं खाजवलं, आणि दोन टोपल्या बांगडे माझ्या नावावर झाले.

“अहो, मी काही बोललोच नाही!”

“इथं कोण बोलतो?” हौसाबाय बादलीवरून म्हणाली. “कान खाजवलास ना? मंग घेतलास.”

पुढचे तीन दिवस आमच्या इमारतीत जिन्यावरून माझी चाहूल लागली की लोक दारं लावून घेत, इतके बांगडे मी वाटले. पण त्यातून त्या लिलावाची रीत मात्र कळली. तिथे तोंडाने बोलायचं काम एकट्या पुकारणारीचं. घेणारे कानाने, भुवईने, करंगळीने बोलतात. आणि विकणारा, म्हणजे होडीचा तांडेल, पायाने बोलतो. तो ढिगामागे मुकाट उभा असतो. सौदा पटेनासा झाला की पुढे होऊन टोपलीच्या काठावर पाय ठेवतो. टोपलीवर पाय आला की पुकारणारीने थांबायचं. शंभर माणसं ओरडली तरी ‘तीनवार’ म्हणायचं नाही. शिवाय होडीत तिची भागी असता कामा नये, घेणाऱ्यांत तिचा भाऊबंद असता कामा नये, आणि त्या ढिगातलं शेपूटसुद्धा तिने घरी न्यायचं नाही.

हौसा पिलणकर हिने हे काम अठ्ठावीस वर्षं केलं. त्यात तिच्यावर एकच आरोप झाला. अकरा वर्षांपूर्वी आनंदा भाटकर नावाच्या तांडेलाने भर बंदरात सांगितलं की, सरंग्याच्या ढिगाला माझा पाय आधी आला आणि हिने ‘तीनवार’ नंतर म्हटलं. हौसाबाय म्हणाली, ‘तीनवार’ आधी झालं, ह्याचा पाय उशिरा आला. दोघांनी आपापल्या दैवतांच्या शपथा घेतल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे हौसाबायच्या बाजूने. आनंदा तसाही वर्षाला चाळीस-पन्नास शब्दांच्या पुढे जात नसे.

मग घसा बसायला लागला म्हणून डॉक्टरने तिचं पुकारणं सोडवलं. घरी बसून तिने महिनाभरात सुनेला, शेजारणीला आणि शेजारणीच्या कोंबड्यांना इतकं सुधारलं, की तिला बाहेर काहीतरी काम लागावं म्हणून सगळी आळी प्रार्थना करू लागली. ती प्रार्थना आमच्या माथी आली.

‘आमच्या’ म्हणजे शिरगावच्या कातळी सड्यावरच्या ‘सांजथांबा’ ह्या वृद्धनिवासाच्या. मी तिथला मानद चिटणीस. मानद म्हणजे चहा संस्थेचा, बिस्किटं आपली. संस्थेची व्यवस्थापक राही ही समाजकार्य शिकून आलेली मुलगी. ह्या वयात मुली ज्या उत्साहाने साड्या घेतात त्या उत्साहाने ती नियम करते. वार्षिक सभेत सगळ्यांचं लक्ष मागच्या खोलीतल्या मसालेभाताकडे असताना तिने नियम चौदा मंजूर करून घेतला. तो असा: रहिवाशाच्या राहण्याबद्दल, देखभालीबद्दल काही ठरवायचं असेल आणि त्याला सांगितलेलं समजायला, लक्षात ठेवायला, त्यातलं बरंवाईट तोलायला किंवा मनातलं सांगायला, ह्यातल्या एका जरी गोष्टीला फार जड जात असेल, आणि त्याच्या बाजूने बोलेल असं योग्य माणूस घरचं नसेल, तर संस्थेने त्याला एक स्वतंत्र माणूस द्यायचा. तो संस्थेचा नोकर नको, देणगीदार नको, नातलग नको. आणि तो द्यायचा ठरवण्याच्या आधी. ठरवून झाल्यावर सही करायला नव्हे.

असा माणूस हवा म्हणून आम्ही फलक लावला. तीन जण आले. पहिले एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पाच मिनिटांत राहीचं हस्ताक्षर सुधारायला घेतलं. दुसरे एक गृहस्थ सगळ्या वृद्धांना शीर्षासन शिकवायला उत्सुक होते. तिसरी हौसाबाय. खरं तर ती आमचा आचारी शिळी मासळी घेतो अशी तक्रार करायला आली होती. राहीने तिला बसवून नियम चौदा समजावून सांगितला.

हौसाबाय ऐकून म्हणाली, “म्हणजे मासळी त्याची, पुकारायचा मी, आणि शेपूट घरी न्यायचा नाय. एवढ्याला कागद कशाला गो बाय?”

राहीने तिला तिथल्या तिथे नेमलं.

पहिलंच काम कमळाबाईंचं निघालं. त्यांना सकाळी सहाला अंघोळ घालत आणि त्या रोज रडत. का रडतात ते त्यांना सांगता येईना, कारण पुढच्या शब्दापर्यंत मागचा शब्द त्या विसरत. हौसाबाय दोन दिवस त्यांच्याजवळ बसली आणि सभेत उभी राहून म्हणाली, “त्यांना सात वाजता पाणी पायजे. उजाडल्यावर. काळोखात कुणी कपडे काढले की त्यांना भ्या वाटता.” वेळ बदलली. मी कौतुक करायला गेलो तर म्हणते, “सातला अंघोळ करतात ती माणसां आळशी. मी चारला करतंय. पण माझा मत कोणी विचारला?”

हे ‘माझा मत कोणी विचारला’ पुढे आमच्या सभांत इतकं नेहमीचं झालं, की ते मी इतिवृत्तात लिहायचं सोडून दिलं.

आणि मग आनंदा भाटकर प्रकरण आलं.

आनंदाला जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिला एकच शब्द: ‘बरं’. मुलगा संदेश पनवेलला असतो, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. चांगला मुलगा. भाट्ये गावी खाडीकाठच्या घरात बाप एकटा पडेल म्हणून त्याने त्याला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवलं आणि दर महिन्याला रजा काढून आला. सहा महिने संपत आले तेव्हा तो पनवेलला शेजारची खोली बघून, रविवारचं रेल्वेचं तिकीट काढूनच आला.

सभा बसली. संदेशने वाकून विचारलं, “बाबा, आपण पनवेलला जायचं ना?”

“बरं,” आनंदा म्हणाला.

मी लगेच लिहिलं: रहिवाशाची संमती. लिहिता लिहिता पुढ्यातलं चहाचं टेबल जरा मागे ओढलं, कारण आनंदाने नेमका तेव्हा आपला चांगला, डावा पाय उचलून त्याच्या काठावर ठेवला होता आणि माझा कप हिंदकळला होता. “आनंदराव, पाय खाली,” मी गोड आवाजात म्हणालो. माणसाला शिस्त लावताना माझा आवाज फार गोड होतो.

“नियम चौदा,” राही म्हणाली.

“मॅडम, ते बरं म्हणाले की,” संदेश म्हणाला.

“काल मी विचारलं, इथेच राहायचं का, तेव्हाही बरं म्हणाले. परवा आचाऱ्याने विचारलं, दुधीभोपळा करू का, तेव्हाही बरंच म्हणाले. दुधीभोपळ्याला कोण बरं म्हणतं?”

“मग त्यांच्या वतीने मी बोलतो. मी मुलगा आहे त्यांचा.”

“तुम्ही तिकीट काढलंय, संदेश. तुमचं म्हणणं आम्ही ऐकूच, पण तुम्ही एका बाजूला उभे आहात. त्यांच्या बाजूला कोण आहे?”

संदेशचा चेहरा पडला. तिकीट प्रेमाने काढलेलं होतं, ही त्यातली अडचण होती.

हौसाबायला निरोप गेला. ती आली, नाव ऐकलं, आणि पदर खोचून दारातच उभी राहिली.

“त्या आनंद्यासाठी? मी?”

“तुमचा काही हितसंबंध आहे का त्यांच्यात?” राहीने विचारलं.

“अकरा वर्षां भांडाण आहे. त्याच्या मेल्याच्या तोंडाकडे मी बघत नाय.”

भांडण हा हितसंबंध होतो का ह्यावर आम्ही तासभर खल केला. नियमात नोकर, देणगीदार, नातलग होते, वैरी नव्हता. शेवटी राही म्हणाली, आनंदाला हौसाबाय नको असेल तर त्याला तसं सांगू द्या. आनंदाला विचारलं. तो म्हणाला, “बरं.”

“हा बरां काय कामाचा नाय,” हौसाबाय म्हणाली. “रविवारपर्यंत चार दिवस हायत. मला त्याच्याजवळ बसूं दे. तुमच्यातला कोणी नको.”

चार दुपारी ती त्याच्यापाशी व्हरांड्यात बसली. मी तिथून जातायेता कान देत असे. चिटणीसाला संस्थेत काय चाललंय ते ठाऊक पाहिजे. एकदा ती विचारत होती, “आनंद्या, तू उद्या विमानात बसून अमेरिकेला जातोस काय?” “बरं.” “तुझ्या डोक्यावर शिंगां आलीत काय?” “बरं.” “सरंग्याच्या दिवशी तू लबाडी केलीस, खरा ना?” आनंदा गप्प. चार दिवसांत तो गप्प बसला तो एवढाच.

“काय कळलं?” मी विचारलं.

“बरां म्हणजे काय नाय. नुसता वारा,” ती म्हणाली. “हो पण नाय आणि नको पण नाय. त्याला काय पायजे ता अजून कळत नाय मला.” अठ्ठावीस वर्षं बंदर हलवलेल्या त्या बाईचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

शनिवारी संध्याकाळी सभा बसली. दुसऱ्या दिवशीची गाडी डोक्यावर. टेबल, कप, इतिवृत्त, सगळं जागच्या जागी. मी ह्या वेळी कप आधीच उचलून हातात धरला होता. संदेशने पुन्हा तसंच वाकून, तितक्याच मायेने विचारलं, “बाबा, उद्या जायचं ना पनवेलला?”

“बरं,” आनंदा म्हणाला, आणि त्याचा डावा पाय टेबलाच्या काठावर आला.

“बघा, नेहमीची सवय,” मी म्हणालो आणि टेबल ओढायला हात घातला.

“हात काढ!”

हा आवाज मी ओळखला. माझ्या स्कूटरनेही बाहेर बहुधा ओळखला असावा. माझ्या हातातला कप सांडला तो सांडलाच. हौसाबाय उठून उभी राहिली होती आणि त्या पायाकडे बघत होती.

“किती वेळा ठेवलान त्याने पाय?”

“संदेश येतो तेव्हाच्या दर महिन्याच्या सभेत,” मी म्हणालो. “मी दर वेळी टेबल मागे घेतो.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी शिळ्या मासळीच्या जागी असतो तर स्वतःहून समुद्रात परत गेलो असतो. ती आत गेली. स्वयंपाकघरातून कांदे जमिनीवर ओतल्याचा आवाज आला, पाठोपाठ आचाऱ्याचा. मग ती रिकामी टोपली घेऊन आली, आनंदाच्या पुढ्यात ठेवली आणि माझ्या खुर्चीवर चढली.

“आनंदा तांडेल,” ती म्हणाली. अकरा वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच त्याच्या मानाने हाक मारली. “तुझी मासळी. मी पुकारतंय. पनवेल! एकवार… दोनवार…”

डावा पाय टोपलीच्या काठावर.

“थांबला. सांजथांबा! इथंच! एकवार… दोनवार…”

पाय काठावर. मला जरा लागलंच; आमचा पोह्यांचा नाश्ता चांगला असतो.

“थांबला. भाट्या! तुझा घर! एकवार…”

पाय जमिनीवर.

“दोनवार…”

पाय जमिनीवरच. हौसाबाय ‘तीनवार’ म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात राही म्हणाली, “थांबा. क्रम बदलून परत विचारा. शेवटी जे येईल त्याला ते पाय ठेवत नसतील, असंही असेल.” मी सांगितलं ना, ही मुलगी नियमांचीच.

हौसाबायने भाट्ये आधी पुकारलं, पनवेल शेवटी. पाय तसाच वागला. पनवेलला तर ‘एकवार’च्या आधीच आला.

“हा बाबांचा पाय आहे,” संदेश म्हणाला. “लहानपणी मी बंदरावर जायचो तेव्हा… मी सहा महिने बघतोय हो हा पाय. मला वाटलं, आजाराने वळवळतो.”

“घरी एकटे पडतील त्याचं काय?” मी म्हणालो. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

“पडेल ना!” हौसाबाय खुर्चीवरून म्हणाली. “माझा मत विचारलात तर हा मूर्ख हाय. पोरगा एवढा सोन्यासारखा, बोलावतो, तर जावा पनवेलला, बसावा लिफ्टीत वरखाली करत. पण माझा मत कोणी विचारला? त्याला भाट्या पायजे. पडायचा नसंल तर काय लागता ता तुम्ही सगळ्यांनी बसून बघा. ता काम तुमचा.” आणि तिने टेबलावर थाप मारून ‘तीनवार’ म्हटलं. माझा उरलेला चहाही गेला.

मग आम्ही बसून बघितलं. न्हाणीत धरायला दांडा, सकाळ-संध्याकाळ येणारी बाई, शेजारच्यांचा फोन, महिनाभर करून बघू आणि मग पुन्हा बसू. संदेशने रविवारचं तिकीट रद्द केलं. त्याने रजा आणखी चार दिवस वाढवून घेतली आणि दांडा स्वतः बसवला. लिफ्टवाला असल्यामुळे तो हत्ती लटकला तरी निघणार नाही असा बसला.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. आनंदाला आत बसवलं. हौसाबाय रिक्षाजवळ गेली आणि त्याच्या कानाशी वाकून हळूच बोलली. हळूच म्हणजे सड्यावर गुरं चारणाऱ्याने मान वळवून बघितलं, एवढंच.

“सरंग्याच्या दिवशी पाय आधी आला होता. मी बघितला होता. तोंडातून ‘तीनवार’ गेला, मग मागे घ्यायची लाज वाटली.”

आनंदाने तिच्याकडे बघितलं.

“बरं,” तो म्हणाला.

रिक्षा गेली. हौसाबायने पदराने नाक पुसलं आणि मला म्हणाली, ह्यातला एक शब्द इतिवृत्तात आला तर तुझी स्कूटर कायमची बंद पाडीन. म्हणून तो मी इतिवृत्तात घातला नाही, इथे घातला.

आनंदा भाट्याच्या घरात एकोणीस दिवस राहिला. विसाव्या दिवशी हौसाबाय टोपली घेऊन भेटायला गेली, तिने पुन्हा पुकारलं, आणि ह्या वेळी पाय भाट्याला टोपलीवर आला, सांजथांब्याला जमिनीवरच राहिला. तो सांजथांब्याला परत आला. त्याची खिडकीजवळची खाट तोवर दुसऱ्याला दिली होती. आता तो दाराजवळ झोपतो.